मयुराचं दोनदा 'नाही'

मयुरा भोयरला चहा विचारायचा असेल तर आधी घरात दूध आहे का ते बघून घ्या. कारण ती 'हो' म्हणते. विचारल्या विचारल्या म्हणते, "घेते ना. साखर जास्त टाका." ती पहिल्यांदा आमच्याकडे कामठीला आली तेव्हा सासूबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं आणि हिचं 'हो' ऐकून बिचाऱ्या दारातच थबकल्या. दूध संपलं होतं. आपल्याकडे कसं असतं, घरच्यानं विचारायचं, पाहुण्यानं 'नको नको, आत्ताच झाला' म्हणायचं. परत विचारायचं, परत 'कशाला उगीच त्रास'. मग तिसऱ्यांदा 'अहो, अर्धा कप तरी' झालं की पाहुणा कप उचलतो. तेवढ्यात शेजारून दूध आणून होतं. मयुरानं तेवढी सवडच ठेवली नाही. सासूबाई मला आत ओढून म्हणाल्या, "कोन पोट्टी आहे वं हे? हिले काही रीत आहे का नाही?"

रीत आहे. पण तिचं 'हो' म्हणजे हो असतं आणि 'नाही' म्हणजे नाही. एवढंच आहे, आणि एवढ्याच गोष्टीसाठी तिला केवढं भांडावं लागलं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

मी हर्षा. धरमपेठेत एका कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. तिथं मयुरा ॲप बनवायची आणि मी ते मोडायची. मोडणं हे माझं पगारी काम, टेस्टर म्हणतात त्याला. माझ्या नवऱ्याचं म्हणणं की हे काम मला शिकावं लागलंच नसेल. म्हणू दे. तोंडानं मी फटकळ आहेच. लिहिताना शाळेतली मराठी लिहिते, पण डोस्कं फिरलं की सरळ मले-तुलेवर येते. ह्या गोष्टीत ते फिरणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मयुरा भिवापूरच्या बाजूची. घरची मिरचीची शेती, वडील अजून स्वतः वावरात जातात. अख्खा गाव त्यांना बापूजी म्हणतो आणि मयुराही बापूजीच म्हणते. त्यांनी पोरीला हौसेनं नागपुरात इंजिनिअर केलं, नोकरी लागली तेव्हा गावात पेढे वाटले. मग लगेच स्थळ आलं. उमरेडचे लोक, चांगलं घर, मुलाची आई भारी हौशी. मयुरा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मले आत्ता लग्न करायचं नाही." बैठकीत हशा झाला. मुलाची आई म्हणाली, "लाजून राहिली पोर." महिन्याभरानं तेच लोक परत आले. मयुरानं परत तेच सांगितलं, ह्यावेळी ट्रे खाली ठेवून सांगितलं. तरी त्या बाईंनी जाताना तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "तिसऱ्या खेपेले साखरपुड्याचंच सामान घेऊन येतो."

मला हे सांगताना मयुरा हसत नव्हती. म्हणाली, "हर्षाताई, बाईचं 'नाही' लोकाइले चहाचं 'नको' वाटते."

तेव्हा बापूजींनी मध्यममार्ग काढला. ते काही खलनायक नाहीत, पण चार लोकांत राहायचं असतं. त्यांनी पोरीला बसवून सांगितलं, "जोवर नोकरी आहे तोवर तू नागपुरात राह्य, मी त्याइले थांबवतो. ज्या दिवशी नोकरी नाही, त्या दिवशी घरी यायचं, अन् मंग मी म्हनीन ते." मयुरा 'हो' म्हणाली. आणि तिचं 'हो' म्हणजे काय असतं ते मी सांगितलंच आहे. म्हणजे सक्करदऱ्याची ती भाड्याची खोली, खिडकीतला कूलर, रविवारची गाढ झोप आणि स्वतःचं आयुष्य, सगळं त्या नोकरीला टांगलेलं होतं. आमच्या साहेबांना हे ठाऊक नव्हतं. मला होतं.

साहेब म्हणजे सुमंत सर. कंपनी त्यांची. गोरेगोमटे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. दिवाळीला सगळ्यांना सोनपापडीचा डबा देतात. त्यांनी 'सोबती' नावाचं ॲप काढायचं ठरवलं. म्हाताऱ्या नाहीतर आजारी माणसांजवळ घरी जाऊन बसणाऱ्या, औषधपाणी बघणाऱ्या मावश्या असतात ना, त्यांच्यासाठी. मावशीनं घरी पोचल्यावर 'ड्यूटी सुरू' दाबायचं, औषध दिलं की त्याचा फोटो टाकायचा, निघताना 'ड्यूटी बंद'. तिकडे पेशंटच्या मुलाला पुण्यात बसून सगळं दिसणार. कल्पना चांगलीच होती, खोटं कशाला बोलू.

आता फोनाची एक गोष्ट. कुठल्याही ॲपला तुमचा कॅमेरा, तुम्ही कुठं आहात ते, तुमच्या फोनातले लोकांचे नंबर, असं काही हवं असलं तर फोन मध्ये उभा राहतो आणि तुम्हाला विचारतो. देऊ का? एक होचं बटण, एक नकोचं. कधी विचारायचं हे ॲप बनवणाऱ्यानं ठरवायचं असतं. सुमंत सरांनी ठरवलं की उघडल्या उघडल्या सगळं विचारून टाकायचं. जागा, कॅमेरा, माइक, नंबर. एकापाठोपाठ चार प्रश्न. एकालाही 'नको' म्हटलं की पुढे जायचं नाही, समोर लाल अक्षरांत 'परवानगी आवश्यक आहे' आणि खाली एक बटण, परत विचारा.

मयुरा तेव्हाच म्हणाली होती, "सर, दारातच चार गोष्टी मागून राहिलो आपण. आधी पाणी तरी द्या." सर हसले. नंबर कशाला हवेत विचारलं तर म्हणाले, "रीच वाढते गं." रीच म्हणजे काय ते मला नंतर कळलं. एका मावशीच्या फोनात आणखी दहा मावश्यांचे नंबर असतात. ते सगळे आयते मिळणार होते, आणि ओमप्रकाशजी नावाचे एक गृहस्थ, ज्यांची चारपाच नर्सिंग होम आहेत, तेवढ्यासाठीच ह्या ॲपमध्ये पैसे घालायला तयार होते. वा रे रीच!

मावश्यांना ॲप शिकवायला सक्करदऱ्याच्या एका समाजभवनात बोलावलं. वैशाख होता. दोन कूलर गरम वारा फेकत होते. मावश्या साड्या नीट करून, नवे नाहीतर पोरांनी दिलेले जुने फोन हातात धरून ओळीनं बसल्या. सर्वांत पुढे रुखमाबाई, साठीच्या जवळच्या, आवाज असा की माइकची गरज नाही. आम्ही ॲप टाकून दिलं. सर म्हणाले, "आता उघडा."

सगळ्यांनी उघडलं. फोननं विचारलं आणि सगळ्यांनी पटापट 'नको' दाबलं.

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, हो म्हणायचं!" मग मावश्या म्हणाल्या बरं, आणि 'परत विचारा' दाबलं. फोननं परत विचारलं. रुखमाबाईंचा अंगठा परत नकोवर गेला. अर्ध्याअधिक बायांचं तेच झालं. मी शेजारीच उभी होते, म्हटलं, "मावशी, काहून नको म्हणता?" तर त्या म्हणाल्या, "एकदम हो कसं म्हनाव वं बाई? आपन काय उपाशी हाओ? लोक काय म्हनतीन." आणि मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "हं, आता विचार म्हना. आता हो म्हनतो."

पण फोन विचारेना. रुखमाबाईंनी बटण दाबलं, अजून जोरात दाबलं. काही नाही. "अवं, आता मी हो म्हनून राहिली तं हा बोलूनच नाही राहिला!"

कारण फोनाचा नियम असा आहे की माणसानं दोनदा 'नको' म्हटलं की त्याचं म्हणणं कळलं. त्यानंतर ॲपनं कितीही डोकं आपटलं तरी फोन त्या माणसाला परत त्रास देत नाही. आपल्या रीतीत तिसऱ्यांदाच खरं उत्तर येतं, आणि हा गडी दुसऱ्यालाच उठून जातो. अर्ध्याहून जास्त समाजभवन अडकलं. लाल अक्षरं आणि मेलेलं बटण. मयुरा आधी खो खो हसली. मग रुखमाबाईंच्या फोनाकडे बघत राहिली.

सरांना हसू आलं नाही. त्यांनी चहाचा रिकामा ट्रे उचलला आणि म्हणाले, "सगळे फोन यात टाका. आम्ही सेटिंगमध्ये जाऊन चालू करून देतो. हर्षा, मयुरा, सगळ्यांचं सगळं ऑन करा. नंबरसुद्धा." मावश्यांनी फोन टाकायला सुरुवातही केली. साहेब म्हणतात म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

मयुरा नाही म्हणाली. तिनं ट्रे सरांच्या हातातून घेतला आणि ओळीनं जाऊन एकेकीचा फोन तिच्या तिच्या हातात परत दिला. मागे वळून म्हणाली, "सर, त्याइच्या बोटानं होईल तेच हो. आपल्या बोटानं केलं तं ते चोरी झाली." मावश्यांना अर्धंच कळलं असेल, पण साहेबाला कोणीतरी तोंडावर बोललं हे पूर्ण कळलं. रुखमाबाईंनी आपला फोन ब्लाउजमध्ये खोचला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे पोरीचं."

परत येताना मी तिला झापलं. म्हटलं, बह्याड झाली का वं? नोकरी गेली तं कुठं जाशील माहीत आहे ना? ती म्हणाली, "माहीत आहे. भिवापूरले."

मग ती कामाला लागली, आणि काय काम केलं पोरीनं! नंबर काढले. माइक काढला. ॲप उघडलं की आता कोणी काही मागत नव्हतं, मावशीचं नाव यायचं आणि आजच्या घराचा पत्ता. औषधाच्या फोटोचं बटण दाबलं तरच कॅमेरा विचारायचा, आणि त्याआधी साध्या शब्दांत एक ओळ, 'गोळीचा फोटो काढायला कॅमेरा लागेल'. जागा फक्त ड्यूटी सुरू करताना. आणि 'नको' म्हटलं तर? तर काही नाही. फोटो नको असेल तर गोळीचं नाव हातानं लिहा. जागा नको असेल तर घरच्यांकडून चार आकडी कोड विचारून टाका. काम थांबणार नाही. दोनदा नको म्हटलं असेल तर ॲप परत तोंड उघडणार नाही, फक्त खाली एका कोपऱ्यात लिहिलेलं राहील, 'पुढे कधी वाटलं तर इथून चालू करता येईल', आणि ते दाबलं की थेट सेटिंगच्या त्याच पानावर.

"म्हणजे रुखमाबाईसारख्या, ज्याइचं तिसऱ्यांदा हो असते, त्याइले दार उघडं आहे," ती म्हणाली, "अन् ज्याइचं नाही खरंच नाही असते, त्याइच्या मागं लागायचं नाही."

मी ते मोडायचा जिवापाड प्रयत्न केला. सगळीकडे नको दाबलं. फोटो काढता काढता मध्येच परवानगी काढून घेतली. आज हो, उद्या नाही, परवा परत हो केलं. जुन्या ॲपला एवढं केलं असतं तर ते तोंडावर पडलं असतं. हे दरवेळी आधी बघायचं, आज परवानगी आहे का, नसेल तर मुकाट्यानं दुसरी वाट धरायचं. एकदा हो म्हटलं म्हणजे जन्माचं हो, असं ते धरून चालतच नव्हतं. माझ्या संसारात मला एवढी वागणूक मिळाली नाही, हे मी तिला म्हटलंसुद्धा.

सरांना दाखवलं. सर खुर्चीत मागे रेलले. "छान आहे. फक्त नंबरचं परत टाक. ओमप्रकाशजी सोमवारी येतायत."

"नाही सर."

"बघ, विचार कर."

"नाही."

सर हसले. अगदी त्या उमरेडच्या बाईंसारखं हसले, मी त्या बाईंना बघितलेलं नाही पण तसंच असणार. "अगं मयुरा, सगळेच पहिल्यांदा नाही म्हणतात. संध्याकाळपर्यंत करून टाक. उगाच ताणू नकोस, नोकरी करतेस ना इथे?"

सगळं ऑफिस ऐकत होतं. मयुरा टेबलाजवळून हलली नाही. "सर, हे चहाचं 'नको' नव्हे," ती म्हणाली. "मी नाही टाकणार. नोकरी घ्या लागली तर."

 मला राग आला, सरांचा आला आणि तिचाही आला. माणसानं थोडं वाकावं की नाही? पण एक सांगू का, आतून मला भल्ला आनंद झाला होता. इतकी वर्षं मी त्या ऑफिसात आहे, मला कोणी असं बोलताना दिसलं नव्हतं, मी स्वतः धरून.

सर म्हणाले, "ठीक आहे. मी जुनंच दाखवतो."

सोमवारी ओमप्रकाशजी आले. जाडजूड, हसतमुख, कपाळाला गंध. आम्ही सगळे मीटिंगच्या खोलीत भिंतीला लागून उभे. सरांनी त्यांच्याच फोनात जुनं 'सोबती' टाकून दिलं आणि म्हणाले, "सर, आप खुद देखिए, कितना सिंपल है." त्यांनी उघडलं. जागा विचारली, हो. कॅमेरा विचारला, हो. माइक, हो. मग नंबर. त्यांचा अंगठा थांबला.

"मेरे नंबर काहे को?" आणि त्यांनी नको दाबलं.

लाल अक्षरं आली. सर घाईनं म्हणाले, "फिर से पूछेगा सर." परत विचारलं. ओमप्रकाशजींनी परत नको दाबलं, ह्यावेळी जरा चिडून. मग बटण मेलं. सर घामाघूम झाले, म्हणाले, सेटिंगमध्ये जाऊन मी ऑन करून देतो सर, आणि फोनकडे हात नेला. ओमप्रकाशजींनी फोन छातीशी धरला. "अरे भाई, इसमें मेरे घर के लोगों के नंबर हैं. ऐसे कैसे दे दूँ?"

 भिंतीजवळून मयुराचा आवाज आला, अगदी शांत.

"साहेब, मावश्याइच्या फोनात पण त्याइच्या घरच्याच लोकांचे नंबर आहेत."

ओमप्रकाशजींनी तिच्याकडे बघितलं, मग फोनकडे बघितलं, आणि उठले. "सोच के बताता हूँ," म्हणाले आणि जिना उतरून गेले. सरांनी दार लावलं. गोड बोलणं त्या दिवशी संपलं होतं. ते काय काय बोलले ते मी लिहीत नाही, शेवटचं वाक्य एवढंच होतं की उद्यापासून यायचं नाही.

मयुरानं आपली बॅग भरली. खुर्चीवरची उशी, खिडकीतली तुळशीची कुंडी, पाण्याची बाटली. मग जिन्यात उभी राहून तिनं काय केलं असेल? घरी फोन लावला. "बापूजी, नोकरी गेली," एवढंच बोलली.

मी तिच्या अंगावर धावून गेले. "काहून सांगितलं वं? दुसरी लागेपर्यंत तोंड बंद ठेवलं असतं तं काय बिघडलं असतं? कोणाले कळत होतं?"

"ठरलं होतं ताई."

"कायचं ठरलं होतं! आता येतील न् घेऊन जातील तुले!"

"येऊ दे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण रडली नाही. मी तिची कुंडी मांडीवर धरून ऑटोत बसले आणि सक्करदऱ्यापर्यंत मीच रडले. हो, रडले. फटकळ बायांना रडू येत नाही असं कोणी सांगितलं?

ऊन उतरता उतरता बापूजी आले. भिवापूरच्या बसनं आले होते, पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा, हातात डबा. मी पहिल्यांदाच बघत होते त्यांना. मयुरानं पाणी दिलं. ते गटागटा प्यायले, पलंगाच्या कडेला बसले, मला नमस्कार केला.  मग म्हणाले, "भर सामान. चाल घरी."

"नाही बापूजी."

"ठरलं होतं आपलं. चाल घरी."

"हो, ठरलं होतं. म्हणून लपवलं नाही. पण माह्याकडून चूक झाली, ते ठरवाले नाही पाहिजे होतं. मी येत नाही अन् ते लग्न करत नाही."

बापूजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. सुमंत सर. तिनं फोन पलंगावर ठेवून आवाज मोठा केला, का ते तिलाच ठाऊक. लपवायचं नाही म्हणजे नाही, असंच असेल.

सरांचा आवाज परत गोड झाला होता. "मयुरा, ओमप्रकाशजींचा फोन होता. तू नंबरशिवाय दुसरं बनवलंयस हे मी सांगितलं, तर त्या मुलीचंच ॲप बघायचंय म्हणाले. उद्यापासून ये. झालं गेलं विसरून जाऊ. तुझंच ॲप चालवू, सगळं तुझ्या मनासारखं. फक्त नंबरचं तेवढं ठेवू, कुठंतरी आत, कोणाला दिसणार पण नाही असं. चालेल ना?"

 एक 'हो' म्हटलं की नोकरी परत. नोकरी परत म्हणजे बापूजींचा शब्द पूर्ण, त्यांनी रिकाम्या हातानं परत जायचं, खोली हिची, नागपूर हिचं. आत नंबरचं काय ते नंतर बघता आलं असतं. मी तिला खुणेनं सांगतसुद्धा होते, म्हण हो, म्हण वं बाई!

मयुरानं बापूजींकडे बघितलं. ते तिच्याकडेच बघत होते.

"नाही सर," ती म्हणाली.

"अगं, नीट विचार कर. नोकरी—"

"नाही." आणि तिनं फोन बंद केला. ठेवला नाही, बंद केला.

मग ती खाली फरशीवर बसली.   मला वाटलं बापूजी आता उठतील, आता दरडावतील. त्यांनी टोपी उचलली, झटकली आणि विचारलं, "ते नंबर कोनाचे होते?"

"बायांचे. पेशंट सांभाळतात त्या."

"आपल्या ओळखीच्या?"

"एका मावशीले ओळखते. रुखमाबाई."

बापूजींनी मान हलवली. "अन् तो मालक तुले पहिले पन विचारून राहिला होता?"

"लय वेळा. त्याले वाटे मी लाजून राहिली."

 बापूजी खिडकीबाहेर पोट्टे खेळत होते त्यांच्याकडे बघत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला कळत होतं, कारण त्या बैठकीत हशा झाला तेव्हा तेही हसले होते, हे मयुरानंच मला सांगितलं होतं. दोनदा त्यांनी घरी चल म्हटलं होतं, दोनदा ती नाही म्हणाली होती. रीतीप्रमाणे तिसऱ्यांदा विचारायची पाळी त्यांची होती.

त्यांनी डबा उघडला. ज्वारीची भाकरी आणि झुणका. तिच्यासमोर सरकवला. "जेवून घे," म्हणाले. "नोकरी दुसरी पाह्य. उमरेडवाल्याइले मी सांगतो." आणि एवढंच. मयुरानं भाकरी मोडली आणि मग मात्र ती रडली, तोंडात घास असताना, पोरीसारखी.

आज ती दुसरीकडे आहे, तिथंही भांडते. रुखमाबाई आणि त्यांच्या सोबतच्या बायांनी जुनं ॲप परत घ्यायला साफ नकार दिला. शेवटी सरांना मयुराचंच लावावं लागलं, नंबरचं न ठेवता. त्यात कुठंही तिचं नाव नाही. मी अजून तिथंच आहे, आणि आता मीसुद्धा मीटिंगमध्ये नाही म्हणते. पहिल्यांदाच म्हणते, मोठ्यानं म्हणते.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं. निघायला मी उठले तेव्हा बापूजी म्हणाले, "बाई, चहा घ्या ना. कामठीले जा लागते तुमाले, दूर आहे."

मी आपलं सवयीनं म्हटलं, "नको बापूजी, कशाला?"

ते म्हणाले, "घ्या हो."

मी म्हटलं, "नको नको, खरंच."

बापूजींनी एकवार मयुराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाले, आणि पुन्हा विचारलं नाही.